नडगीचे हाड आणि बाहेरची चौकट

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत ताळेबंद वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे असते. यंदा तो छापील स्वरूपात आपल्या हाती आहेच. म्हणून अध्यक्ष महोदयांनी सुचविले की, अस्थिरोग विभागाच्या एखाद्या कामाविषयी मी बोलावे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. क्ष-किरण चित्र मला डॉक्टरांप्रमाणे वाचता येत नाही. तथापि बिलांच्या कागदांतून आणि बाह्यरुग्ण विभागातील बाकांवरून जे दिसते, ते शस्त्रक्रियागृहातून दिसत नाही, असा माझा अनुभव आहे. वैद्यकीय तपशील मी आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून समजून घेतला आहे. मते मात्र माझी आहेत.

विषय आहे नडगीच्या हाडाचा गंभीर अस्थिभंग आणि त्यावर पायाच्या बाहेरून बसविण्यात येणारी धातूची चौकट. डॉक्टर तिला ‘एक्स्टर्नल फिक्सेटर’ म्हणतात. आमचे रुग्ण तिला सरळ ‘पिंजरा’ म्हणतात, आणि तिच्याकडे एकदा पाहिले की दुसरा शब्द सुचत नाही.

आपण बसल्या जागी आपल्या नडगीवर बोट फिरवून पाहावे. गुडघ्याखाली पुढच्या व आतल्या बाजूला बोटाला थेट हाड लागते. मध्ये कातडीखेरीज काहीच नाही. मांडीचे हाड चहूबाजूंनी स्नायूंच्या गादीत असते, नडगीला ती गादी मागून आणि बाहेरूनच मिळाली आहे. त्यामुळे जोराचा आघात झाला की मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर येते आणि रस्त्यावरची माती, डांबराचे कण, कपड्याचे धागे आत जातात. लांब हाडांच्या उघड्या अस्थिभंगांत नडगीचा क्रमांक सर्वांत वरचा आहे. शिवाय हाड जुळण्यासाठी जे रक्त लागते त्याचा मोठा आधार भोवतीच्या मांसल भागाचा. तोच चिरडला गेला की हाड अन्नावाचून राहिल्यासारखे होते. घोट्याकडच्या खालच्या तिसऱ्या भागात ही अडचण अधिक. दुचाकीस्वार, पायी चालणारा, आणि उसाच्या ट्रॉलीवरून घसरलेला मजूर ही मंडळी आमच्याकडे रात्री-अपरात्री येतात ती बहुधा हेच हाड घेऊन.

अशा जखमांची प्रतवारी करण्याची जगन्मान्य पद्धत अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील डॉ. रॅमन गुस्टिलो आणि डॉ. अँडरसन यांनी १९७६ साली मांडली. पहिल्या प्रतीत टोचल्यासारखी लहान जखम, तिसऱ्या प्रतीत चिरडलेला पाय. १९८४ साली या तिसऱ्या प्रतीचे आणखी तीन भाग करण्यात आले. ‘अ’ गटात हाड झाकण्यापुरते मांस व कातडी शिल्लक असते. ‘ब’ गटात ती नसते, दुसरीकडून मांसाचा तुकडा आणून हाड झाकावे लागते. ‘क’ गटात मुख्य रक्तवाहिनी तुटलेली असून ती जोडली नाही तर पाय राहत नाही. केसपेपरवर ‘तीन-ब’ असे लिहिलेले दिसले की मी मनाशी समजतो, हे कुटुंब आता वर्षभर आपल्याकडे येत राहणार.

पहिल्या काही तासांत जे घडते ते चौकटीइतकेच मोलाचे आहे, आणि त्यात खर्च फारसा नाही. प्रतिजैविकाचे इंजेक्शन शक्य तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या तासातच, द्यावयाचे असते. त्यानंतर जखम भरपूर पाण्याने धुऊन मेलेले मांस काढून टाकणे. येथे एक गोष्ट देणगीदारांनी मुद्दाम ऐकावी. जखम धुण्यासाठी दाबाने पाणी फेकणारी महाग यंत्रे बाजारात आहेत. २०१५ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत अडीच हजारांहून अधिक रुग्ण होते आणि भारतातील केंद्रेही सहभागी होती. पाण्याचा दाब कमी-अधिक केल्याने पुनःशस्त्रक्रियांच्या प्रमाणात फरक पडला नाही. साबणाच्या पाण्याने धुतलेल्यांत मात्र साध्या सलाईनपेक्षा पुनःशस्त्रक्रिया अधिक कराव्या लागल्या. ज्या सलाईनच्या बाटलीला आम्ही खरेदी-यादीत किरकोळ समजतो, तिच्यावर महाग यंत्राला मात करता आली नाही. खरेदी समितीच्या बैठकीत हा दाखला मी वारंवार देतो, आणि तो सर्वांना आवडतोच असे नाही.

आता चौकटीकडे वळू. मोडलेले हाड आत पट्टी व स्क्रू बसवूनही जोडता येते, किंवा त्याच्या पोकळीत सळई घालूनही. मग बाहेरून कशाला? कारण घाणेरड्या जखमेत ठेवलेल्या धातूवर जिवाणू घर करतात, आणि एकदा घर केले की औषधाने ते निघता निघत नाहीत. चौकटीत जाड पिना जखमेपासून दूर, निरोगी हाडात बसवितात आणि बाहेर कांबींनी एकमेकींना जोडतात. मोडलेल्या जागी धातू नाही, हाड स्थिर, आणि जखम रोज पाहता-धुता येते. प्लास्टिक सर्जनला काम करण्यास जागा मोकळी राहते. एकाच वेळी डोक्याला, छातीला मार लागलेला रुग्ण असेल तर फार वेळ भूल देता येत नाही, तेव्हाही ही चौकट लवकर बसते. अशा वेळी ती बहुधा तात्पुरती असते. सूज उतरली, जखम झाकली गेली की काही दिवसांनी ती काढून आत सळई घालतात.

दुसरी चौकट गोल कड्यांची. तिच्यामागे एक माणूस उभा आहे. डॉ. गॅव्हरिल इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ सालचा. १९४४ साली वैद्यकीय शिक्षण संपताच त्यांची नेमणूक पश्चिम सायबेरियातील कुर्गान प्रांतात डोल्गोव्का नावाच्या खेड्यात झाली. महायुद्धातून मोडलेले हातपाय घेऊन परतलेले सैनिक समोर, आणि साधने तुटपुंजी. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी कड्यांच्या साधनाची नोंदणी केली. दीड ते पावणेदोन मिलिमीटर जाडीच्या तारा हाडातून आरपार घालून त्या कड्यांना ताणून बांधावयाच्या. सायकलच्या चाकात तुंबा जसा ताणलेल्या तारांवर अधांतरी राहतो, तसे हाड कड्यांच्या मध्यभागी धरले जाते. या बांधणीत हाड वाकत नाही, पण पावलावर भार दिला की अगदी किंचित वर-खाली हलते, आणि ती हालचाल हाड जुळण्यास उपकारक ठरते. म्हणून एवढा लोखंडी संसार पायात घेऊनही रुग्णाने चालावे, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. नातेवाईकांना तो क्रूरपणा वाटतो. तसा तो नाही.

इलिझारोव्ह यांचा मोठा शोध याहून पुढचा आहे. निरोगी जागी हाड बेताने कापून, आठवडाभर थांबून, दोन्ही टोके दिवसाला एक मिलिमीटर या गतीने दूर नेली, तर मधल्या जागेत नवे हाड तयार होते. हा एक मिलिमीटरही चार हप्त्यांत, प्रत्येकी पाव. अपघातात हाडाचा तुकडाच रस्त्यावर राहिला, किंवा पू झाल्यामुळे काढून टाकावा लागला, तर ती उणीव अशी भरून काढतात. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक जिंकणारा व्हॅलेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकल अपघातात पायाला जबर जायबंदी झाला होता. अनेक शस्त्रक्रियांनंतर १९६८ साली इलिझारोव्ह यांनी त्याच्यावर उपचार केले आणि सोव्हिएत देशभर त्यांचे नाव झाले. पश्चिमेला ते कळण्यास आणखी बारा वर्षे गेली. थॉर हेयरडाल यांच्या ‘रा’ या बोरूच्या नावेवरील सफरीत सहभागी झालेला इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी १९८० साली आपली न जुळलेली नडगी घेऊन कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला. त्याचा पाय पाहून इटलीच्या डॉक्टरांनी १९८१ साली इलिझारोव्ह यांना व्याख्यानासाठी बोलाविले. पुढे ही विद्या जगभर पसरली. १९९२ साली ते निवर्तले. आपल्या मुंबईतही डॉ. बी. बी. जोशी यांनी कमी खर्चाची, हलकी, सहज जुळवता येणारी बाह्य चौकट विकसित केली आणि ती ‘जेस’ या नावाने देशभर वापरली गेली, याची महाराष्ट्रात फारशी आठवण काढली जात नाही, म्हणून येथे मुद्दाम उल्लेख केला.

हिशेबी माणसाला यात गुंतवून ठेवणारी गोष्ट म्हणजे वेळ. समजा, पाच सेंटिमीटर हाड नाहीसे झाले आहे. दिवसाला एक मिलिमीटर म्हणजे केवळ सरकविण्यास पन्नास दिवस. त्यानंतर नवे हाड वजन पेलण्याइतके घट्ट होण्यास त्याच्या दुप्पट वा त्याहूनही अधिक काळ. म्हणजे चौकट सहा-आठ महिने पायावर, प्रसंगी वर्षभरही. यांतील रुग्णालयातील दिवस किती? थोडे. उरलेले सर्व दिवस घरी.

ते घरचे दिवस कसे जातात, हे पाहिल्याखेरीज कळत नाही. पायजमा चढत नाही. लुंगी किंवा एका बाजूने उसवलेली विजार. थंडीत पांघरूण कड्यांत अडकते. एसटीत पाय लांब करून बसण्यास जागा नसते आणि पायरी उंच. सर्वांत अवघड प्रश्न कोणी उघड बोलत नाही, तो शौचाचा. आपल्याकडील बैठ्या शौचकूपावर कड्यांचा पाय घेऊन बसता येत नाही. ज्या घरी कमोडची खुर्ची नाही तेथे कर्ता माणूस लाजेने जेवण कमी करतो. हाड जुळण्यासाठी चांगला आहार हवा असे आम्ही आहारपत्रकात छापतो, आणि रुग्ण या कारणाने अर्धपोटी राहतो! आमच्या एका आहारतज्ज्ञ भगिनीने हे प्रथम लक्षात आणून दिले. तेव्हापासून घरी सोडताना तो प्रश्न स्पष्ट विचारला जातो.

उलट बाजूही आहे. पाव-पाव मिलिमीटरचे नट घरच्यांनाच फिरवावे लागतात. एका रुग्णाच्या शाळकरी मुलीने त्यासाठी वहीत रकाने आखले होते: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक वेळेपुढे बरोबरची खूण, एकही दिवस कोरा नाही. तीस वर्षे रोकडवह्या तपासल्या, पण इतकी निर्दोष नोंद क्वचितच पाहावयास मिळाली.

सभागृहात काही कुटुंबीय बसलेले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. पिना व तारा जेथे कातडीतून आत जातात तेथे थोडाफार संसर्ग होणे ही या उपचारातील सर्वांत नेहमीची तक्रार आहे. त्या जागा कोणत्या औषधाने पुसाव्यात याविषयी जगात एकमत नाही. उपलब्ध चाचण्यांचा २०१३ साली घेतलेला आढावाही कोणत्याही एका पद्धतीला श्रेष्ठ म्हणू शकला नाही. तेव्हा सांगितलेल्या पद्धतीने, स्वच्छ हातांनी, नियमितपणे करावे; हळद, तेल, राख यांतील काही लावू नये. लाली वाढली, पू आला, ताप आला, तार सैल झाली किंवा अकस्मात चालताना दुखू लागले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. आणि बिडी-सिगारेट बंद. धूम्रपानाने हाड उशिरा जुळते, हे पक्के सिद्ध झालेले आहे. याबाबत घरातील वडीलधाऱ्यांनी रागावलेच पाहिजे.

यानंतर मी जे सांगणार आहे ते काहींना अप्रिय वाटेल. गेल्या वर्षभरात दोन-तीन दानशूर व्यक्तींनी, कड्यांच्या आणखी चौकटी घेण्यासाठी, तसेच संगणकाच्या साहाय्याने मापे ठरविणाऱ्या सहा दांड्यांच्या चौकटीसाठी देणगी देण्याची तयारी दाखविली. त्यांच्या औदार्याबद्दल रुग्णालय ऋणी आहे. परंतु दाता देतो म्हणून वस्तू घ्यावी, असे विश्वस्त संस्थेला करता येत नाही. २०२२ साली अमेरिकेतील अपघात-केंद्रांतील सुमारे अडीचशे रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. नडगीच्या गंभीर उघड्या अस्थिभंगात कड्यांची चौकट व आतील सळई-पट्टी यांची तुलना तीत केली होती. वर्षभरात पायासंबंधी एखादी मोठी गुंतागुंत होण्याचे प्रमाण चौकटीच्या गटात शंभरात सुमारे ६२, तर आतील गटात सुमारे ४४ आढळले. टांझानियातील दार-एस-सलाम येथील २०२० सालच्या चाचणीत साधी बाह्य चौकट व सळई यांच्यात मृत्यू आणि पुनःशस्त्रक्रियांच्या बाबतीत वर्षाअखेर ठळक अंतर दिसले नाही. हाडाची सरळ रेषा मात्र सळईने अधिक चांगली राखली. याउलट गुडघ्याच्या सांध्यापर्यंत गेलेल्या अस्थिभंगाविषयी २००६ च्या कॅनडातील चाचणीत कड्यांच्या चौकटीने रक्तस्राव व रुग्णालयातील मुक्काम कमी झाला आणि गुंतागुंतही सौम्य राहिली.

आमच्या डॉक्टरांनी यावरून ठेवलेले धोरण मला पटते. जखम नीट झाकता आली तर सळई. हाड नाहीसे झाले असेल, पू झाला असेल, किंवा सांध्याजवळ कातडी फुगून शस्त्रक्रियेस अयोग्य असेल, तर चौकट. तेवढ्यासाठी भांडारात आहेत त्या चौकटी पुरतात. उत्पादकाने पुनर्वापरास मान्यता दिलेली कडी व कांबी तपासून, निर्जंतुक करून पुन्हा वापरतो. तारा व पिना प्रत्येक रुग्णाला नव्या, यात तडजोड नाही.

मग पैसा कोठे लागतो? अमेरिकेत आठ मोठ्या केंद्रांतील ५६९ रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला होता. पाय वाचवलेले आणि पाय कापावा लागलेले, या दोघांची दोन वर्षांनंतरची कार्यक्षमता जवळजवळ सारखी निघाली. दोन्ही गटांत साधारण निम्मेच लोक कामावर परतू शकले. ‘पाय वाचविला’ ही आमच्या अहवालातील आवडती ओळ. ती वाचून यापुढे मी विचारणार आहे की, हा गृहस्थ कामावर गेला का? आणि त्या अभ्यासात कोणाची अवस्था वाईट राहिली? गरिबी, कमी शिक्षण, आधाराला माणसे नसणे, धूम्रपान, पुन्हा पुन्हा रुग्णालयात भरती, या गोष्टी असलेल्यांची. यांतील एकही गोष्ट शस्त्रक्रियागृहात दुरुस्त होत नाही.

आता आपल्या हिशेबाच्या चौकटी पाहा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. योजना चांगली आहे आणि आपण ती निष्ठेने पाळतो. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेत रस्ता-अपघातातील जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकडरहित मिळतात, तीही स्वागतार्ह. परंतु सातव्या दिवशी आमच्या ‘तीन-ब’ रुग्णाची दुसरी-तिसरी धुलाई चालू असते. एक योजना खाटा मोजते, दुसरी दिवस. चौकटीचा रुग्ण आठ महिन्यांपैकी साडेसात महिने खाटेवर नसतो आणि बिलातही नसतो. एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, गॉज आणि सलाईन, ती कमोडची खुर्ची, यांची पावती कोणाकडेच फाटत नाही.

परिणाम असा की, माणूस एक तारीख चुकवितो, मग दुसरी. तार सैल होते, पू होतो, आणि जो पाय पहिल्या रात्री वाचविला तो सातव्या महिन्यात हातचा जाण्याची वेळ येते. ऊसतोडीच्या हंगामात मुकादमाची उचल फेडायची म्हणून चौकटीसह फडावर गेलेला एक रुग्ण आम्हाला महिनाभर सापडला नव्हता. समाजसेवा अधीक्षकांनी साखर कारखान्याच्या गट कार्यालयातून शोध घेतला तेव्हा तो मिळाला. त्याचा पाय राहिला, पण चौकटीचा काळ चार महिन्यांनी वाढला.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे ठेवलेला प्रस्ताव असा. नव्या चौकटींसाठी आलेल्या देणग्या, दात्यांच्या लेखी संमतीने, एका स्वतंत्र पाठपुरावा निधीत वळवाव्यात. त्यातून चौकट असलेल्या गरजू रुग्णाला व एका सोबत्याला प्रत्येक फेरीचे भाडे, दर पंधरवड्याचे मलमपट्टीचे साहित्य, आणि कमोड-खुर्ची व वॉकर परतीच्या बोलीवर द्यावे. एक परिचारिका केवळ याच रुग्णांना दर आठवड्याला दूरध्वनी करण्यासाठी नेमावी; जो तारखेला आला नाही त्याचा त्याच दिवशी शोध सुरू व्हावा. काही विश्वस्तांनी योग्य शंका काढली की, भाडे रोख दिल्यास गैरवापर होईल. होईल, थोडाफार. तिकीट दाखवून पैसे घेण्याची पद्धत ठेवू. तरीही कोठे दहा-वीस रुपये इकडेतिकडे गेले तर लेखापरीक्षकांना उत्तर मी देईन. एका संसर्गाच्या उपचारास लागणारी औषधे व शस्त्रक्रिया यांच्यापुढे ती रक्कम मोजण्याजोगीही नाही. परिचारिकेच्या दूरध्वनीवर दात्याचा नामफलक लावता येत नाही, ही अडचण मात्र मला सोडविता आलेली नाही. अहवालात दात्यांची नावे छापू, इतके निश्चित.

या निधीचे खाते वेगळे राहील व त्याचा जमा-खर्च दर तिमाहीस सूचना फलकावर लावण्यात येईल. किती रुग्णांच्या चौकटी निघाल्या, किती तारखा चुकल्या, आणि चौकट निघाल्यावर वर्षभरात किती जण कामावर परतले, हे तीन आकडे पुढील वार्षिक अहवालात ताळेबंदाशेजारी छापले जातील. ज्या देणगीदारांना संमतीपत्र द्यावयाचे आहे त्यांच्यासाठी नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्या कुटुंबांकडे चौकट निघाल्यानंतरही आमचे पाने अथवा वॉकर राहिले असतील त्यांनी ते कृपया समाजसेवा विभागात जमा करावेत. पुढच्या रुग्णाला ते हवे आहेत.